रुमालाखालचा पगार

एप्रिल लागला की आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. एरवी तळमजल्यापासून आठव्या मजल्यापर्यंत ट्रॅफिक, क्रिकेट, सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन असं सगळं उरकणारी माणसं एकदम दाराच्या फटीकडे बघायला लागतात. पगारवाढीची पत्रं यायची असतात. मेल आली की माणूस मोबाइल छातीशी धरतो, इकडे बघतो, तिकडे बघतो आणि जिन्यात जातो. जिन्यात आधीच चौघं असतात, वेगवेगळ्या पायऱ्यांवर, भिंतीकडे तोंड करून, नळावर भांडलेल्या जावांसारखे.

खाली पार्किंगच्या गेटजवळ एक कडुनिंब आहे. खराडीत एवढ्या काचा आणि एवढं सिमेंट आलं, त्यातून हा कसा सुटला कोण जाणे. एप्रिलात तो फुलतो. त्याचा वास आला की मला एकच उन्हाळा आठवतो, सतरा-अठरा वर्षांपूर्वीचा. लोकांना उन्हाळा म्हटलं की आमरस आठवतो, मामाचं गाव आठवतं. मला अप्रेझल आठवतं. ललित लिहायला हा काय विषय झाला का, असं कुणी म्हणेल. म्हणू दे बापडा! जागेपणीचे निम्मे तास जिथे जातात त्या जागेबद्दल अवाक्षर काढायचं नाही आणि पारिजातकावर मात्र पानंच्या पानं लिहायची, हे मला जमत नाही.

तेव्हा खराडी अर्धीमुर्धीच झाली होती. आमच्या काचेच्या इमारतीला लागून ज्वारीचं रान होतं. काढणी झाल्यावर त्यातली धूळ उडून आमच्या एसीच्या जाळीत बसायची. टपरीवर चहा पिताना पायाखाली धसकटं टोचायची. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सगळ्यांना अभिमानाने सांगत, "आमची मनीषा चुका काढायचा पगार घेती. घरी फुकाट काढायची." आठ वर्षं मी त्याच कंपनीत होते. दुसऱ्यांच्या चुका मला लांबून दिसत. स्वतःच्या पत्रातली चूक मात्र आठ वर्षं दिसली नाही.

सकाळी सव्वासातला धायरी फाट्यावर कंपनीची बस यायची. सिंहगड रोडवरून स्वारगेट, मग पुलगेट, मग हडपसर, मुंढव्याचा पूल आणि खराडी. पुलगेटला नसरीन चढायची. माझ्याच टीममध्ये, माझ्याहून एक वर्ष जुनी. भवानी पेठेत तिच्या अब्बांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, म्हणून तिच्या डब्याच्या पिशवीला कायम खळीचा वास यायचा. आठ वर्षं आम्ही एका सीटवर बसलो. तिचं लग्न मोडलं ते मला आधी कळलं, घरी नंतर. माझ्या दोन्ही बाळंतपणांतली दुखणी तिला पाठ होती. पण पगार? छे! ते विचारायचंच नसतं. आपल्याकडे अनोळखी माणूस गाडीत बसल्या बसल्या "मुलं किती, का नाहीत, डॉक्टरला दाखवलंत का" इथपर्यंत येतो, पण आठ वर्षं मांडीला मांडी लावून बसणारी बाई पगाराचा आकडा विचारू शकत नाही. कंपनीने तो नियम केला होता हे खरं. पण पाळत होतो आपण, आणि तोही किती मनोभावे!

आता आकडा लिहून टाकते, नाहीतर माझंही तेच व्हायचं. तेव्हा माझ्या हातात महिन्याला सव्वीस हजार येत. आणि मी समाधानी होते. मार्चमध्ये मी तसं लेखी दिलं होतं.

दर मार्चला आमच्याकडे एक फॉर्म यायचा. नाव लिहायचं नाही, फक्त एक ते पाच आकडे द्यायचे. कॅन्टीन कसं आहे, बस कशी आहे, साहेब कसे आहेत आणि अकरावा प्रश्न, आपण आपल्या पगाराबाबत किती समाधानी आहात? आम्ही सगळे तिथे चार द्यायचो. पाच दिला तर चमचेगिरी वाटते. तीन दिला तर तक्रारखोर ठरतो, आणि नाव नसलं म्हणून काय झालं, कॉम्प्युटर कुणाचा ते त्यांना कळतंच की! चार म्हणजे कसं, सभ्य. पाहुण्यांकडे "अजून एक पोळी?" म्हटल्यावर भूक असूनही आपण "नको, पुष्कळ झालं" म्हणतो, तसा तो चार होता. पुण्यातल्या सभ्य घरांतल्या चांगल्या शिकलेल्या माणसांनी भूक असताना पुष्कळ झालं म्हणायचं आणि वर ते सही न करता लेखी द्यायचं. इतकी वर्षं आम्ही हे केलं आणि आम्हाला वाटायचं आपण हुशार आहोत.

त्या एप्रिलमध्ये रोहन नावाचा मुलगा कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून आलेला, मी आणि नसरीननेच त्याला काम शिकवलेलं. गुणी पोरगा. त्याला घरासाठी कर्ज काढायचं होतं आणि माझं कर्ज नुकतंच झालं होतं, म्हणून बँकेचा फॉर्म घेऊन आला. उपम्याच्या ताटलीशेजारी फॉर्म पसरला आणि म्हणाला, "मॅडम, इथे हातात येणारा लिहायचा ना? चौतीस हजार?"

मी म्हटलं, "हो, तोच."

घास तोंडात फिरत राहिला. तो आकडा नीट, ठळक अक्षरांत लिहीत होता. मग मान वर करून म्हणाला, "आपल्याला फारच कमी देतात ना मॅडम? माझे मित्र कुठल्या कुठे गेलेत. मी तर बघतोय दुसरीकडे."

समाधानाबद्दल मला जे काही कळलं ते त्या उपम्याच्या ताटलीवर. चौतीस घेणारा असमाधानी होता आणि सव्वीस घेणारी समाधानी. सकाळी बसमधून उतरले तेव्हाही तेच सव्वीस होते. कर्जाचा हप्ता जात होता, पोरांची फी जात होती, महिन्याला दोनदा घरात हापूस नाही तरी पायरी येत होता. एक पैसा कमी झाला नव्हता. तरी उपमा संपेपर्यंत माझं समाधान पार गेलं. पैसे कमी आहेत म्हणून माणूस नोकरी सोडतो असं म्हणतात. मला नाही पटत. कमी पैशात माणसं जन्म काढतात. आपल्याला इतकी वर्षं गृहीत धरलं, आणि आपणच मान डोलावून ते धरू दिलं, हे कळतं तेव्हा आतून काहीतरी उठतं. माझ्या तर डोक्यात सणक गेली. रोहनचा राग नव्हता, त्याला बिचाऱ्याला काय माहीत! राग माझा मलाच आला होता, त्या सभ्य चारचा.

आमचे मॅनेजर राजवाडे सर. अत्यंत सौजन्यशील माणूस. कुणाला कामावरून काढतानासुद्धा "आपण" म्हणतील. मी दुपारी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"या मॅडम, बसा. चहा घेणार आपण?"

"चहा नको सर. पगार घेईन."

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी हसणं आवरलं. मी म्हटलं, आठ वर्षांच्या माणसाला दोन वर्षांच्या माणसापेक्षा कमी का? त्यांनी मला कुणी सांगितलं ते विचारलं, मी सांगितलं नाही. मग ते म्हणाले, "असं बघा, बाजारभाव असतो. नवीन मुलं बाजारभावाने घ्यावी लागतात, नाहीतर येत नाहीत. आपण काय, आपल्याच आहात."

"म्हणजे जी घरची ती स्वस्त?"

"तसा अर्थ काढू नका. आणि मॅडम, आपण समाधानी आहात असं फॉर्मवरून दिसतं की."

"फॉर्मवर तर नाव नसतं सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "आपल्या टीममध्ये सगळ्यांनीच चार दिलेत," ते म्हणाले. "वर मी काय सांगू? माझ्याच लोकांना हवं नसेल तर मी भांडू कशाला?"

सर खोटं बोलत असते तर बरं झालं असतं, पण माणूस खरं बोलत होता. आम्हीच लिहून दिलं होतं. मी उठले आणि जागेवर येऊन त्या संध्याकाळपर्यंत इतरांच्या प्रोग्रॅममधल्या इतक्या चुका काढल्या की दोन मुलं माझ्याशी आठवडाभर बोलली नाहीत.

परतीच्या बसमध्ये मी नसरीनला सरळ विचारलं, "तुझा पगार किती गं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. मुंढव्याच्या पुलावर नदीचा वास आला की ती नेहमी नाकाला ओढणी लावायची, तशी तिने लावली आणि पुलगेट येईपर्यंत काढलीच नाही. उतरताना म्हणाली, "असं नको विचारत जाऊ मनीषा." आठ वर्षांत पहिल्यांदा ती मागे वळून हात न करता गेली. मला वाईट वाटलं आणि रागही आला. कमी असेल तर सांगायची लाज वाटते, जास्त असेल तर भीती वाटते. दोन्हीकडून तोंडं बंदच राहतात, आणि त्यात फायदा तिसऱ्याचाच.

मग मी दुसरी नोकरी शोधली. नोकरी शोधणाऱ्या बाईचा एप्रिल कसा असतो सांगू? दातांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे असं सांगून दुपारी सुटायचं, पर्समध्ये इस्त्रीची ओढणी, रिक्षात घाम पुसायचा, पावडर लावायची आणि कुणा अनोळखी गेटवर सही करून गळ्यात "पाहुणा" लिहिलेली पट्टी अडकवून बसायचं. तीन आठवड्यांत माझे इतके दात दुखले की राजवाडे सरांनी काळजीने लवंगेचं तेल सुचवलं. शेवटी हिंजवडीतल्या एका कंपनीने बोलावलं. एकतीस हजार. बस नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला, रोजचे दोन तास प्रवासात. मी राजीनामा टाकला.

आणि दुसऱ्याच दिवशी राजवाडे सरांनी मला बोलावलं. टेबलावर एक पाकीट होतं. आत छापलेलं पत्र, सही शिक्क्यासकट. पस्तीस हजार! तीन आठवड्यांपूर्वी ज्यासाठी बाजारभाव, वरचे लोक असं सगळं आडवं आलं होतं, ते एका रात्रीत झालं होतं. म्हणजे पैसे होते. पहिल्यापासून होते.

"कंपनीला आपली किंमत आहे मॅडम," सर म्हणाले. "फक्त एक करा. हे आपल्या दोघांतच राहू दे. विशेषतः नसरीन मॅडमना कळायला नको. उगाच त्यांच्या मनात येईल. सोमवारी सांगा."

शनिवारी घरी तोच विषय. आमचे हे, सतीश, सरळ माणूस. कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारा. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "यात विचार काय करायचाय? पस्तीस घे, बस घे, गप बस. हिंजवडीला मरायला जायचं आणि चार हजार कमी घ्यायचे, हे कुठलं शहाणपण?" बरोबरच होतं त्याचं. दर महिन्याचे चार हजार म्हणजे धाकट्याची शाळा. मलाही ते पाकीट सोडवत नव्हतं, उगाच साध्वीपणाचा आव कशाला आणू? मी ते कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं होतं आणि दिवसातून तीनदा काढून बघत होते. बघितलं की आधी बरं वाटायचं, मग नसरीनची पाठ आठवायची.

रविवारी सकाळी अण्णांच्या इमारतीच्या गच्चीवर कुरडया घालायला गेले. अण्णांच्या जुन्या रानात बिल्डरने चार इमारती उभ्या केल्या, त्यातल्या एकीत अण्णा आणि आई राहत. आईने गव्हाचा चीक शिजवून वर आणलेला, आम्ही दोघी सोऱ्या फिरवत होतो. प्लॅस्टिकच्या कागदावर पांढरी वेटोळी, उन्हाने डोळे दिपतायत, बोटांना चिकाचे चटके. अण्णा पाण्याच्या टाकीच्या सावलीत काठी घेऊन कावळे हाकत बसले होते. पूर्वी ज्वारी राखायचे, आता कुरडया राखत होते. मी सगळं सांगितलं. पस्तीस, एकतीस, पाकीट आणि कुणाला सांगायचं नाही ते.

अण्णांनी काठी खाली ठेवली. "म्हंजी अजून रुमालाखालीच हाय म्हण की."

"कसला रुमाल?"

"माल बाजारात न्यायचो तवा आडत्या आन व्यापारी काय करायचे, ठाऊक हाय का तुला? वर रुमाल टाकायचे आन खाली हातात हात घालायचे. बोटं दाबून भाव ठरायचा. हे बोट दाबलं का इतकं, ते दाबलं का तितकं. बंदी आली व्हती म्हनं त्याला, पर रुमालाखाली कोन बघतंय? माल आपला, आन आपन बाजूला हुबं. मागनं हातात काय पडंल ते घिऊन घरी यायचं. घरी म्हातारा इचारायचा, काय भावानं गेली? काय सांगनार? मला तरी कुठं ठावं!"

आई म्हणाली, "झालं सुरू." तिने हा किस्सा ऐकलेला दिसत होता. मी नव्हता.

"बावीस वर्साचा आसंन मी. नुकतं लगीन झाल्यालं. गाडीभर वांगी नेली. रुमाल पडला, त्यांचे हात आत गेले, आन काय झालं कुनास ठाऊक, मी बी घातला."

"काय घातला?"

"हात गं! रुमालात. दोघांची बोटं धरली अशी गच्च. म्हटलं, आता दाबा." अण्णा हसायला लागले. "असा हलकल्लोळ! जणू मी त्यांच्या घरातच शिरलो. येक म्हनतोय हात काढ, दुसरा म्हनतोय याला रीतभात न्हाई. मी रुमालच वढला. सगळ्यांनी बघितलं, दोन हात हायेत निस्ते, बाकी काय न्हाई."

"मग?"

"मग काय, माल घेतला न्हाई कुनी. गाडी पेठंत नेली, रस्त्याच्या कडंला बसून वरडून इकली. निम्मी गेली, निम्मी बैलांनी खाल्ली. रुमालाखाली मिळालं आसतं त्याच्याहून कमीच मिळालं. म्हातारा चार दिवस बोलला न्हाई माझ्याशी."

"तो रुमाल घरी आणलात का?"

"हात् तुझी! त्याचा घामट रुमाल मला काय करायचाय?" त्यांनी काठी उचलली, टाकीवर बसलेल्या कावळ्याला दाखवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पर त्या दिशी इचारल्यावर भाव सांगता आला. येवढंच."

आईने मला सोऱ्यात चीक भरायला सांगितला. आम्ही पुढच्या कुरडया घातल्या. गच्चीवरून चारी बाजूंना नुसत्या गच्च्या दिसत होत्या, प्रत्येक गच्चीवर कुणीतरी काही वाळवत होतं. सगळ्यांच्या पापडांची संख्या आम्हाला ठाऊक होती. पगार कुणाचाच नव्हता.

सोमवारी मी पाकीट राजवाडे सरांच्या टेबलावर परत ठेवलं. "मॅडम, हिंजवडीपेक्षा चार हजार जास्त देतोय आम्ही," ते म्हणाले. खरंच गोंधळले होते. मी म्हटलं, "सर, पस्तीस माझ्या कामाचे असतील तर सांगायला हरकत काय? आणि गप्प बसण्याचे असतील तर ते काम मी आठ वर्षं फुकट केलंय. आता नाही करणार." इतकं छान वाक्य मला आयुष्यात परत सुचलेलं नाही, हे कबूल करते. त्या दिवशी सुचलं आणि नाकावर टिच्चून बोलले.

त्या संध्याकाळी बस खराडीच्या गेटबाहेर पडली आणि मी उठून ड्रायव्हरजवळच्या दांडीला धरून उभी राहिले. चाळीसेक माणसं. कुणी कानात वायरी घातलेली, कुणी पेंगुळलेली. मी म्हटलं, "ऐका जरा. मी मनीषा. आठ वर्षं झाली. माझा हातात येणारा पगार सव्वीस हजार आहे. मी राजीनामा दिल्यावर कंपनीने एका रात्रीत पस्तीस केला होता. दर मार्चला मी फॉर्मवर चार देत होते. ते खोटं होतं. एवढंच."

मग बोलले ते फक्त ड्रायव्हर शिंदेमामा. आरशात बघत म्हणाले, "मॅडम, मी सांगू का माझा? सात हजार. कंत्राटदाराचा माणूस आहे मी. आम्हाला फॉर्म बी येत नाही." कुणी हसलं नाही. मी खाली मान घालून जागेवर येऊन बसले. शिंदेमामांचा आकडा विचारायचं मला आठ वर्षांत कधी सुचलं नव्हतं, आणि ते मला अजून बोचतं.

नसरीन मात्र भडकली. "तू निघालीस! तुला काय जातंय?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "मला इथेच राहायचंय. अब्बांचे डोळे गेलेत, दुकान मला बघावं लागतं. बस माझ्या कोपऱ्यावर थांबते. पगार काय एकटा येतो का मनीषा? त्याच्याबरोबर कोपरा येतो, घरी पोचायची वेळ येते. हिंजवडीने मला पन्नास दिले तरी मी जाऊ शकत नाही. आणि हे साहेबांना चांगलं माहितीये." ज्याला सोडून जाता येत नाही त्याचंच समाधान सगळ्यात स्वस्तात लिहून घेतलं जातं, हे मी तिच्या तोंडून ऐकलं. पुलगेटला ती उतरून गेली.

एचआरकडून मेल आली. पगार ही गोपनीय बाब आहे, शिस्त, कारवाई वगैरे वगैरे. नोटीस पिरियडमधल्या बाईचं काय वाकडं करणार? मी त्या मेलमधल्या तीन व्याकरणाच्या चुका काढून परत पाठवली. सवयच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बस पुलगेटला थांबली. दार उघडलं. नसरीन पहिल्या पायरीवर उभी राहिली, डब्याची पिशवी छातीशी, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चोवीस!"

माझ्याहून एक वर्ष जुनी. चोवीस. मी सरकून तिला खिडकी दिली. मग मागून कुणीतरी "एकोणतीस" म्हणालं. हडपसर येईपर्यंत सगळी बस बोलत होती. असा गलका मी त्या बसमध्ये गणपतीतसुद्धा ऐकला नव्हता.

मी हिंजवडीला गेले. चार हजार कमी घेऊन, दोन तास धक्के खात. पहिल्या पावसाळ्यात रोज रडायची पाळी यायची, ते लपवणार नाही. सतीश महिनाभर मला "रुमालवाली" म्हणून चिडवत होता. नसरीन तिथेच राहिली. ती राजवाडे सरांच्या केबिनमध्ये गेली आणि बाजारभाव विचारला. मग पुन्हा गेली. पाचव्या खेपेला तिचे तीस झाले. पुढच्या मार्चला तिने अकराव्या प्रश्नाला दोन दिले आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. आजही एप्रिलमध्ये तिचा फोन येतो. ती हॅलो म्हणत नाही, आधी आकडा सांगते. मग मी माझा सांगते. मग आम्ही तब्येतीची चौकशी करतो.

पुढे दोन नोकऱ्या बदलल्या आणि फिरून मी खराडीलाच आले. आता केबिनमध्ये टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बसते. अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. मी पत्रं देते. प्रत्येक पत्राच्या तळाशी तीच ओळ असते, ही माहिती गोपनीय ठेवावी. आणि वरून मला तोंडी बजावलेलं असतं, मॅनेजरने तर स्वतःचा आकडा मुळीच सांगायचा नाही. सांगितला तर याच खुर्चीला धक्का. या वयात खुर्ची गेली तर दुसरी मिळेल याची खात्री नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

काल ऋतुजा आली. लोणी काळभोरची मुलगी, पहाटे उठून दोन बस बदलून येते. माझ्या टीममधली सगळ्यात चोख. तिच्यासाठी दोन वर्षं मी वर भांडतेय आणि दोन वर्षं मला तेच ऐकवतात, मार्चच्या फॉर्मवर तुमच्या लोकांनी चार दिलेत मॅडम. तिने पत्र उघडलं, वाचलं, पुन्हा घडी घातली. "ठीक आहे मॅडम," ती म्हणाली. "खूश आहे मी."

तो आवाज मी ओळखते. माझाच आहे तो. पुष्कळ झालं, अजून पोळी नको.

खिडकीतून कडुनिंबाचा शेंडा दिसत होता. मी उठले आणि केबिनचं दार उघडलं, पूर्ण, भिंतीला लागेपर्यंत. बाहेर पंचवीसजण कीबोर्ड बडवत होते. मी म्हटलं, "ऋतुजा, तुझा आकडा तुझा आहे. सांगायचा की नाही ते तू ठरव. माझा मी सांगते." आणि सांगितला. अण्णांनी पेठेत वांगी विकताना जेवढा आवाज काढला असेल, तेवढ्या आवाजात सांगितला. मी तिच्या जागेवर होते तेव्हा किती मिळत होते तेही सांगितलं.

कीबोर्ड थांबले. ऋतुजाने हातातल्या पत्राकडे बघितलं, मग उघड्या दाराकडे, मग माझ्याकडे.

"मॅडम," ती म्हणाली, "तो मार्चचा फॉर्म परत भरता येतो का?"